बंड्या गुरगुरला ते बरं झालं

मूल रांगायला लागेपर्यंत आमच्या घरात कुत्रा आणि बाळ असा काही प्रश्नच नव्हता. ओवी घरी आली तेव्हा बंड्या सहा वर्षांचा होता. त्याने पाळण्याजवळ येऊन नाक फिरवलं, एकदा शिंकला आणि आपल्या जागेवर जाऊन पडला. ती रडायला लागली की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, किती समजूतदार आहे हो! समजूतदार होताच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला उठून जाता येत होतं, आणि पाळण्यातलं बाळ काही मागे येत नाही.

मग ते मागे यायला लागलं. आधी रांगत, मग भिंत धरून, मग जे हाताला लागेल ते धरून. हाताला बऱ्याचदा बंड्या लागायचा. त्याच्या पाठीवर दोन्ही हात टेकून उभं राहायचं, हा ओवीचा आवडता उद्योग. अशाच एका संध्याकाळी ती त्याच्या कमरेवर भार टाकून उठली आणि तो गुरगुरला. मोठ्याने नाही, घशातल्या घशात, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. नवऱ्याने ओवीला उचललं, मी बंड्याला नुसतं नावाने हाक मारून बाहेर नेलं. पाहुणे आलेले एक काका म्हणाले, "आत्ताच एक फटका द्या, नाहीतर डोक्यावर बसेल."

फटका दिला नाही. त्यामागे दयाबुद्धी होती असं नाही, साधा हिशोब होता. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते. त्यावर मार बसला तर तो पुढच्या वेळी सूचना देणार नाही, पण त्रास मात्र तेवढाच होत राहील. म्हणजे मधली पायरी काढून टाकून आपण त्याला सरळ चावण्यापर्यंत पोचवायचं. 'काहीच न सांगता एकदम चावला' असं ज्या कुत्र्यांबद्दल म्हणतात, त्यांतल्या कित्येकांनी पूर्वी सांगून पाहिलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रेनरच्या आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि हा क्रम मी कोणालाही आग्रहाने सांगेन. वर्षानुवर्षं शांत असलेला कुत्रा अचानक स्पर्शाला चिडायला लागला, तर पहिली शंका दुखण्याची घ्यावी. कानातला संसर्ग, किडलेला दात, सांधे, काहीही असू शकतं. डॉक्टरांनी बंड्याच्या मागच्या पायांची हालचाल करून पाहिली तेव्हा त्याने मान झटकन वळवली. एक्स-रेमध्ये खुब्याच्या सांध्यांत संधिवात दिसला. ओवी नेमकी तिथेच भार टाकायची. औषध सुरू झालं, वजन कमी करायला सांगितलं, गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात म्हणून त्याच्या वाटेवर चटया टाकायला सांगितल्या. (एक आवर्जून सांगते: घरातली आपली दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेनसारखी साधी गोळीसुद्धा त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते.)

औषधाने तो मोकळा चालायला लागला. पण ओवी जवळ आली की ताठरतो, हे काही गेलं नाही. शरीर बरं झालं तरी 'ही आली की दुखतं' हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. तेव्हा मग ट्रेनर मॅडम आल्या. आल्या म्हणजे आधी आल्याच नाहीत. म्हणाल्या, घरातला नेहमीचा अर्धा तास शूट करून पाठवा, मुद्दाम काही घडवू नका.

तो व्हिडिओ आम्ही त्यांच्याबरोबर निम्म्या वेगाने पाहिला आणि आपल्याच घरात काय चाललंय ते पहिल्यांदा दिसलं. ओवी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतानाच बंड्याने नाकावरून जीभ फिरवली. समोर खायला काही नव्हतं. ती दोन पावलं पुढे आली, त्याने जांभई दिली. झोप आली नव्हती, आत्ताच उठला होता. मग तोंड भिंतीकडे फिरवलं, पण डोळे तिच्यावरच, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढऱ्या भागाची कोर दिसत होती. कान मागे गेले. आणि शेवटी, ती हाताच्या अंतरावर आली तेव्हा, तो थांबला. शेपूट थांबली, धापणं थांबलं, तोंड मिटलं. मॅडमनी तिथे व्हिडिओ थांबवला. म्हणाल्या, "हे शांत बसणं नाही. हे गोठणं आहे. यानंतर फार थोडा वेळ असतो." सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. तोवर त्यांचं म्हणणं होतं की तो बिचारा किती गुपचूप सहन करतो. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण त्यानंतर बंड्याने जांभई दिली की स्वयंपाकघरातून हाक यायची, "अगं, ओवीला घे!"

शेपटीबद्दलही इथेच सांगून टाकते. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश, असं नसतं. सगळं अंग सैल ठेवून, मागचा भाग हलवत हलणारी शेपूट वेगळी, आणि ताठ अंगावर उंच धरून बारीक थरथरणारी वेगळी.

मॅडमनी त्यानंतर जे सांगितलं ते मला आधी जरा निराशाजनक वाटलं. त्या म्हणाल्या, या दोघांची दोस्ती करून द्यायची हे तूर्त डोक्यातून काढा. एकमेकांकडे दुर्लक्ष करून एका घरात राहता आलं तरी पुष्कळ. आणि सुरुवात शिकवण्याने नाही, घर लावण्याने करायची. सव्वा वर्षाच्या मुलाला 'हात लावू नको' हे समजलं तरी हात थांबवता येत नाही. तो संयम यायला अजून काही वर्षं जावी लागतात. कुत्रा शिकेल, पण वेळ लागेल. तोवर मध्ये काहीतरी उभं पाहिजे.

उभं राहिलं ते गेट. लहान मुलांसाठी दारात लावायचं असतं ते. उभ्या गजांचं घेतलं, कारण आडव्या पट्ट्यांवर पाय ठेवून मूल चढतं. दोन खोल्यांमधल्या दाराला दाबून बसवायचं चालतं, पण जिन्याच्या वरच्या टोकाला मात्र भिंतीत स्क्रूने पक्कं केलेलंच हवं. गेटच्या एका बाजूची खोली बंड्याची झाली. तिथे त्याचं अंथरूण, पाणी, जेवणाचं भांडं, चघळायच्या वस्तू. त्याचं अंथरूण पूर्वी हॉलमध्ये सोफा आणि भिंत यांच्या बेचक्यात होतं. आम्हाला ते ऊबदार वाटायचं, पण तिथून बाहेर पडायची वाट एकच, आणि त्या वाटेवर ओवी. कोंडीत सापडलेल्या कुत्र्याकडे पळायचा पर्याय उरत नाही. हॉलमधली त्याची दुसरी जागा म्हणून दोन्हीकडून मोकळी निवडली.

हे गेट म्हणजे शिक्षा होऊ द्यायची नव्हती. ओवी आली की बंड्याची रवानगी आत, असं झालं असतं तर त्याने तिच्यावरच राग धरला असता. म्हणून गेटच्या आत गेल्यावरच त्याला चाटायची जाड चटई मिळायची, तिच्यावर त्याच्या आवडीचं काहीतरी पसरलेलं. थोड्याच दिवसांत तो स्वतःहून गेटपाशी जाऊन उभा राहायला लागला. मोठा कुत्रा दिवसातले सहज १२ ते १४ तास झोपतो. आमच्याकडे ओवी चालायला लागल्यापासून त्याची झोप सारखी मोडत होती हे तेव्हा लक्षात आलं. आत निवांत झोप मिळायला लागल्यावर त्याची संध्याकाळची चिडचिड बरीच ओसरली. मला विचाराल तर अर्धं काम त्या झोपेनेच केलं.

'लक्ष ठेवणं' याचा अर्थही नव्याने ठरवावा लागला. आमच्या घरात मोठी माणसं तीन, आणि प्रत्येकाला वाटायचं की दुसरा बघतोय. आता नियम असा की दोघं एका खोलीत मोकळे असतील तर एका माणसाने जमिनीवर, हात पोचेल इतक्या अंतरावर, त्यांच्या मध्ये बसायचं. फोन बाजूला. उठायचं असेल तर तोंडाने सांगायचं, "दोघं तुझ्याकडे," आणि समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हणायचं. ते म्हटलं गेलं नाही तर गेट बंद. पहिले काही दिवस हे नाटकी वाटलं, मग अंगवळणी पडलं. लहान मुलांना होणारे चावे बहुतेक वेळा ओळखीच्या, घरातल्याच कुत्र्याचे असतात, आणि मुलांची उंचीच अशी की ते तोंडावर आणि मानेवर होतात. हे वाचल्यापासून मला त्या नाटकाची लाज वाटेनाशी झाली.

मग प्रत्यक्ष शिकवणं. तत्त्व साधं होतं: ओवी दिसली की बंड्यासाठी काहीतरी चांगलं घडायचं आणि ती गेली की ते थांबायचं. पण क्रमाला फार महत्त्व. आधी ओवी, नंतर खाऊ. उलटं झालं, म्हणजे आधी खाऊ काढला आणि मग ओवीला आणलं, तर कुत्रा खाऊलाच घाबरायला लागतो, की हे बाहेर आलं म्हणजे आता ती येणार. सुरुवात गेटच्या पल्याड, खोलीच्या दुसऱ्या टोकापासून. नवरा ओवीला कडेवर घेऊन दारात यायचा, बंड्याचं लक्ष गेलं की मी उकडलेल्या चिकनचा बारीकसा तुकडा द्यायचे, तो मागे गेला की हात रिकामा. अंतर बरोबर आहे का हे खाण्यावरूनच कळायचं. तुकडा घेताना बोटांना दात लागायला लागले किंवा त्याने खाणंच सोडलं, तर आम्ही फार जवळ आलोय.

कडेवरची ओवी त्याला लवकर चालायला लागली. जमिनीवरची ओवी हा वेगळा प्राणी. बसलेली चालायची, चालणारी नाही, धावत किंचाळणारी तर मुळीच नाही. प्रत्येक प्रकारासाठी पुन्हा लांबून सुरुवात. याच काळात त्याला चटईवर जाऊन बसायला शिकवलं. 'जागेवर' म्हटलं की तिथे जायचं आणि तिथेच खाऊ मिळायचा. याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ओवीच्या जेवणाच्या वेळी. तिच्या उंच खुर्चीखाली अन्नाचा पाऊस पडायचा आणि बंड्या तिथे ठाण मांडून असायचा. सगळ्यांना गंमत वाटायची. पण सांडलेल्या घासावर एकाच वेळी त्याचं तोंड आणि खाली उतरलेल्या ओवीचा हात पडणार, हे उघड होतं. आता तिचं जेवण होईपर्यंत तो गेटच्या आत, आणि जमीन पुसून झाल्यावरच दार उघडतं. खेळण्यांचंही तेच. दोघांच्या मऊ खेळण्यांत फरक करणं मलासुद्धा अवघड होतं, तर त्यांना कुठून जमणार? त्याची खेळणी त्याच्या खोलीत राहिली. ओवीचं काही त्याच्या तोंडात सापडलं तर ओढून घ्यायचं नाही, त्याहून चांगलं काही देऊन बदलून घ्यायचं.

सगळं असं मार्गी लागत असताना एक वाईट दिवस आला. दिवसभर घरात पाहुणे, त्यांची दोन मुलं, दाराची घंटा सतत, पावसामुळे बंड्याचं फिरणं झालेलं नाही. कुत्र्याच्या अंगावर असा ताण साठत जातो, एकेक कारण किरकोळ असलं तरी. संध्याकाळी कोणीतरी गेट नुसतं लोटलं, खटका पडला नाही. बंड्या अंथरुणावर गाढ झोपला होता. ओवी आत गेली आणि त्याच्या अंगावर पडली. तो वसकन उठला, तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर दात वाजले, आणि उठण्याच्या धडपडीत त्याचं नख तिच्या हातावर ओढलं गेलं.

दात लागले नव्हते. नखाचा लाल ओरखडा, रक्त नाही. तरी तिचा हात वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुतला आणि त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे नेलं. रेबीजच्या बाबतीत रक्त न येणारा ओरखडाही धरतात, आणि लस द्यायची की नाही हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. बंड्याचं लसीकरण वेळच्या वेळी झालेलं होतं, त्याचं कार्ड बरोबर नेलं. पुढचे १० दिवस त्याची तब्येत नीट राहते का यावर लक्ष ठेवायला सांगितलं. हळद, चुना, तेल, मिरची असलं काहीही जखमेवर लावायचं नाही, हे तिथल्या नर्सने न विचारता सांगितलं, म्हणजे लोक अजून लावत असणार.

त्या रात्री घरात बंड्याला ठेवायचं की नाही यावर बोलणं झालं. नवरा द्यायच्या बाजूने होता, मी गप्प होते. आश्चर्य म्हणजे सासूबाई ठेवायच्या बाजूने. एरवी 'आमच्या लहानपणी आम्ही कुत्र्यावर बसायचो' असं सांगणाऱ्या या बाई त्या दिवशी म्हणाल्या, "झोपलेल्या माणसावर कोणी पडलं तर तोही हात उगारेल. दार कोणी उघडं ठेवलं ते बघा." मॅडमनी सकाळी दुसरी बाजू सांगितली. कुत्रा आपल्यापेक्षा कितीतरी चपळ असतो. वीतभरावरून त्याला दात लावायचे असते तर लागले असते. म्हणजे झोपेतून दचकून उठतानाही त्याने तोंड आवरलं. पण याला दाखला समजू नका, असंही त्यांनी बजावलं. आज आवरलं, उद्या आणखी दुखत असेल तर आवरेलच असं नाही.

आम्ही त्याला ठेवलं. ज्यांना ते जमत नाही त्यांना मी नावं ठेवणार नाही. कुत्रा काही इशारा न देता चावत असेल, मुलाच्या मागावर राहत असेल, किंवा घरात दोघांना वेगळं ठेवायला दारच नसेल, तर त्याच्यासाठी लहान मूल नसलेलं चांगलं घर शोधणं हाच सगळ्यांच्या भल्याचा मार्ग. फक्त नव्या माणसांना खरं सांगून द्यावं.

त्यानंतर दोन गोष्टी वाढल्या. गेटला आपोआप मिटणारा खटका आला. आणि बंड्याला मुसक्याची सवय केली. जाळीचं, ऐसपैस, ज्यात त्याला तोंड उघडून धापता येईल आणि पाणी पिता येईल असं. कापडी घट्ट मुसकं यासाठी कामाचं नाही. एकदम बांधलं नाही. आधी त्यात खाऊ ठेवायचा, तो स्वतः तोंड घालून खायचा, मग पट्टा क्षणभर लावायचा, असं करत करत. पाहुणे असताना तो एक तर आत असतो किंवा मुसकं घालून आमच्याजवळ. आणि मुसकं असलं तरी मध्ये माणूस लागतोच, कारण त्या जाळीचा धक्का लागूनही मूल पडतं.

ओवी दोन वर्षांची झाल्यावर तिच्या बाजूनेही थोडं सुरू केलं. मिठी मारायची नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही, झोपलेल्या आणि जेवणाऱ्या बंड्याजवळ जायचं नाही. या 'नाही'चा उपयोग मर्यादितच होता, 'हे कर' जास्त चाललं. बंड्याकडे जायचं नाही, त्याला हाक मारायची. आला तर उघड्या तळव्याने छातीच्या बाजूला दोन-तीन वेळा हात फिरवायचा, आणि मग हात मागे. तो पुढे सरकला तर पुन्हा, तोंड फिरवलं तर "बंड्याला नको" असं म्हणून टाटा करायचा. हे सगळं माझा हात तिच्या हातावर ठेवून. त्याचे दात दिसले की तो हसतोय, असं तिला वाटायचं. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनाही लहान मुलांमध्ये हेच आढळलं: दात विचकलेला कुत्रा त्यांना हसरा वाटतो, म्हणजे जिथून मागे सरायचं तिथेच ती पुढे जातात. चेहरा वाचणं तिला इतक्यात येणार नाही, हे धरूनच आम्ही चालतो.

तिला खरी मजा येते ती वेगळ्याच खेळात. गेटच्या अलीकडून खाऊ पल्याड फेकायचा आणि बंड्याने तो हुंगून शोधायचा. दोघांमध्ये गज, कोणाला कोणाची भीती नाही. हल्ली कधी कधी तो तिच्या आवाजाने गेटजवळ येऊन बसतो, अंग सैल, एक पाय पसरलेला. याला दोस्ती म्हणायची का, हे सासूबाई मला अधूनमधून विचारतात. मी म्हणते, आई, खाऊसाठी येतो तो. त्यांना पटत नाही.

ओवी आता तीनची होत आली आहे. व्हिडिओत पाहिलेली ती जिभेची हालचाल आणि जांभई अजून दिसते, पण क्वचित, आणि दिसली की आम्ही तिथेच थांबतो. थंडीत त्याचे खुबे जास्त आखडतात, त्या दिवसांत दोघांना एकत्र सोडतच नाही. एक नवी अडचण मात्र उभी राहिली आहे. गेल्या आठवड्यात बाईसाहेबांनी टाचा उंचावून, दोन्ही हातांनी, गेटचा खटका उघडून दाखवला. दुसरी कडी वरच्या बाजूला, तिच्या हाताच्या पल्याड, बाहेरून बसवून घेतली आहे. आता ती सासूबाईंचा हातही पुरत नाही इतक्या उंचावर गेल्याची तक्रार आहे, तेव्हा उद्या ती पुन्हा खाली सरकवायची आहे.